दार जाळून बघू

दिवाळीच्या आधी गोदीत अडकलेली दारं संक्रांत झाली तरी सुटली नव्हती. नांदेडच्या जुन्या मोंढ्यात उद्धवचं दार-खिडक्यांचं दुकान होतं. सकाळी दुकान उघडायचं, गणपतीला उदबत्ती लावायची आणि लगेच मुंबईच्या सत्यमला फोन लावायचा, हा त्याचा नेम झाला होता. सत्यम म्हणजे गोदीतून माल सोडवून देणारा एजंट. उदबत्ती विझायच्या आत दोघांचं भांडण होऊन गेलेलं असायचं.

"काका, नियम नवा आहे. आपल्या देशाच्या तपासणीची मोहर नसेल तर परदेशी दार गोदीतून हलत नाही."

"आरं पण कागद हाय ना! तिकडच्या लॅबमधी दीड घंटा आगीत टिकलंय दार. फोटो हायेत."

"तो कागद इथं चालत नाही. मोहर पाहिजे तर इथल्या साहेबांनी मलेशियात जाऊन कारखाना तपासायचा. बारा दारांसाठी तो कारखानदार हा खटाटोप कशाला करील? त्यानं उत्तर द्यायचंच बंद केलंय."

"मंग मी काय करू?"

"सांगितलं होतं तुम्हाला. एक दार इथल्या प्रयोगशाळेत जाळायला द्या. पास झालं तर खास परवानगीचा अर्ज करतो."

"जाळायला? जाळायला मागवलंय का मी दार? तुझ्या साहेबाला म्हणाव, आधी सोताच्या घरचं दार जाळ!"

आणि फोन आपटायचा. शेजारचे दुकानदार आता फोनच्या आवाजानं मान वर करत नसत.

ती बारा दारं उद्धवनं विकायला मागवली नव्हती. ती लातूरला जायची होती, मुलींच्या एका होस्टेलात. त्याची बायको सिंधू तिथं रेक्टर होती. पोरी तिला मावशी म्हणायच्या. आठवडाभर लातूर, शनिवारी नांदेड, असा तिचा संसार. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तळमजल्यावरच्या मीटरच्या पेटीनं पेट घेतला. जिन्याला एकच दार, साध्या प्लायचं, तेही पुरतं न लागणारं. सिंधूनं पोरी गच्चीवर पिटाळल्या आणि धूर वर येऊ नये म्हणून ते दार दोन्ही हातांनी दाबून धरलं. पोरी वाचल्या. दार जळालं आणि सिंधू गेली.

होस्टेलचा मालक वरद, तिशीतला. जुनी इमारत त्याच्या वडिलांनी बांधलेली, ते तोवर वारले होते. इमारत नव्यानं बांधतो, मावशींचं नाव देतो, असं तो सांगायला आला होता. उद्धव एवढंच म्हणाला होता, "नाव दे न्हाईतर नको देऊ. दारं मी देतो." जन्मभर दारं विकली आणि आपली बायको दारापायी गेली, हे त्याला रोज खात होतं. म्हणून त्यानं बाहेरदेशातली सगळ्यांत चांगली दारं शोधून मागवली. आणि ती गोदीत सडत होती.

त्या सकाळी भांडणानंतर वरदचाच फोन आला.

"काका, परवा उद्घाटन आहे. आता थांबता येत नाही. आम्ही इथलीच दारं लावून घेतली. मोहर आहे त्यांना."

उद्धवनं हाही फोन आपटला. मोहर! मोहर कशी उठते ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तपासणीला जातं एक दार आणि गाडीत चढतं दुसरं. धंद्यात केस पिकले होते त्याचे. माझं खरं दार अडवून ठेवता आणि ह्या ठोकळ्यांवर ठप्पा मारून सोडता?

"बजरंगा, गाडी काढ," तो ओरडला.

बजरंग त्याचा जुना सुतार. त्यानं पिकअप काढली. अहमदपूरच्या अलीकडं एका शेतात तूर झोडपून झाली होती. उद्धवनं गाडी थांबवायला लावली आणि शेतकऱ्याला विचारून तुराट्यांचे भारे मागं रचले.

बजरंग म्हणाला, "अण्णा, लोकं उद्घाटनाला हार घेऊन जातेत. आपुन सरपण घेऊन चाललो."

"तुला काय करायचंय? चालव."

"न्हाई, म्हनलं स्वयंपाक तिथंच करायचा आसंल तर वांगी बी घेतली आस्ती."

उद्धव हसला नाही. गाडी चाकूर ओलांडून लातूरला पोचली.

होस्टेलापुढं मांडव पडला होता. फाटकावर सिंधूच्या नावाची पाटी होती, वर पांढरं फडकं टाकलेलं. उद्धवनं फडक्याकडं पाहिलंच नाही. तो सरळ जिन्याच्या दाराशी गेला, बोटांनी ठोकून पाहिलं, कडा चाचपल्या. दार जड होतं, पण जड दार म्हणजे चांगलं दार नव्हे.

वरद धावत आला. "काका, या ना, चहा घ्या."

"एखांदं दार जादा हाय का?"

"हो, मागं पंपाच्या खोलीला बसवलंय. का?"

"जाळून बघायचंय."

वरदला वाटलं, म्हातारा दुःखानं काहीतरी बोलतोय. तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, "काका, तपासलेलं आहे ते. मोहर आहे."

"मोहर माझ्या बायकोनं धरून ठिवली नव्हती, दार धरून ठिवलं होतं. बाजूला हो."

पंपाची खोली अंगणात मागं होती. चार विटांच्या भिंती, आत पंप अजून यायचा होता, वर पत्रा पडायचा होता. उद्धवनं आत तुराट्या रचल्या, काडी लावली आणि दार ओढून घेतलं. बजरंग शिडी लावून भिंतीवर बसला आणि वरून एकेक पेंढी आत सोडू लागला. जाळ भिंतीच्या वर आला. मांडववाले कामं टाकून गोळा झाले. वरद ओरडत होता, "काका, अहो काय चाललंय! फायरवाले येतील!"

"यिऊ दे. दोन वर्षं उशिरा का व्हईना, यिऊ दे!"

मग उद्धवनं जे केलं ते कोणी सांगितलं नव्हतं. तो दारापुढं गेला आणि दोन्ही तळवे दारावर टेकून उभा राहिला.

"अण्णा, सरका मागं!" बजरंग वरून ओरडला.

तो सरकला नाही. आता तापेल, आता चटका बसेल, मग ह्या पोराला दाखवतो, मग सगळ्या गावाला दाखवतो. तो दात आवळून चटक्याची वाट पाहत होता. आत तुराट्या कडाकड फुटत होत्या. दाराच्या कडेची पट्टी फुगली आणि तिनं फट बुजवली. बाहेर धुराची रेघसुद्धा आली नाही. तळव्यांना ऊब लागली, तापलेल्या भाकरीची लागावी तेवढी. त्यापुढं काही नाही.

बजरंगनं बऱ्याच पेंढ्या सोडल्या. शेवटी तो म्हणाला, "अण्णा, दार धरून राहिलंय की. पक्कं हाय."

उद्धवनं हात काढले आणि उलटसुलट करून पाहिले. सिंधूचे हात त्यानं दवाखान्यात पाहिले होते. त्यालाही चटका हवा होता, शिव्या द्यायला खोटी मोहर हवी होती. दार खोटं निघालं नाही, आणि त्याचा राग कमी होण्याऐवजी आणखी भडकला.

"हे दार कुठं बनतंय?"

"हैदराबादकडं, काका. तिथल्या एका शेडमध्ये."

"कवापासून?"

वरद मांडवाकडं बघू लागला.

"कवापासून, वरद?"

"बरीच वर्षं झाली," वरद जमिनीकडं बघत म्हणाला. "जुनी इमारत बांधताना पप्पांनी ह्याच दारांचा भाव मागवला होता. पण तेव्हा कोणी विचारत नव्हतं. प्लाय चालत होतं. आता नियम आला म्हणून..."

उद्धवनं त्याची कॉलर धरली. "कुणी इचारलं न्हाई म्हनून? पोरींचे आईबाप पोटाला चिमटा घिऊन तुमच्याकडं पोरी धाडतेत, अन् तुला कुणी इचारलं न्हाई?"

बजरंग शिडीवरून उतरून मध्ये पडला. कॉलर सुटली. ज्या नियमाला तो दिवाळीपासून शिव्या घालत होता, तोच ती जुनी इमारत बांधण्याआधी आला असता तर सिंधू आजही शनिवारच्या गाडीनं घरी आली असती. उशिरा आला हरामखोर. आला तोही असा, की मलेशियाचं चांगलं दार आणि कुणाचं भिकार दार एकाच दावणीला बांधून उभा. आणि तो स्वतः? आपलं दार जाळून बघू द्यायला तयार नव्हता. तिकडचा कागद छातीशी धरून बसला होता. कागद तर वरदकडंही होता.

त्यानं तिथूनच सत्यमला फोन लावला.

"लातूरला दुसरी दारं बसली. आपलं एक दार जाळायला दे."

"काय? काका, सकाळी तर तुम्ही..."

"सकाळ गेली. दे जाळायला. पास झालं तर बाकीची आकरा सोडवून आण."

"आणि नाही झालं तर?"

"तर बाकीची बी जाळ. माझ्या दारात आणू नको."

"पण लातूरला तर दारं बसली म्हणता. अकरा दारं लावणार कुठं?"

उद्धवनं फाटकाबाहेर पाहिलं. गल्लीत समोरासमोर होस्टेलंच होस्टेलं. गॅलऱ्यांत पोरींचे टॉवेल वाळत होते, खिडक्यांत पुस्तकं दिसत होती. समोरच्याच इमारतीत जिन्याचं दार उघडं होतं. साधं प्लायचं, खाली पाण्यानं फुगून पापुद्रे सुटलेलं.

"ह्यांना न्हाई का लागू तुमचा नियम?" त्यानं वरदला विचारलं.

"नव्या बांधकामाला आहे, काका. जुन्या इमारतींना कोण विचारतंय?"

"मी इचारतो."

जाळ बसल्यावर बजरंगनं बिजागऱ्या खोलल्या. दार आतून काळंठिक्कर पडलं होतं, बाहेरून रंगही उडाला नव्हता. दोघांनी ते उचलून पिकअपमध्ये उभं केलं, काळी बाजू रस्त्याकडं करून. जाता जाता उद्धवनं फाटकावरची पाटी फडक्यासकट उपसली. वरद पुढं आला, तसा तो म्हणाला, "गल्लीतलं शेवटचं प्लाय निघंल त्या दिवशी लाव. तवर माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

पाटी त्यानं जळक्या दाराला टेकवून ठेवली.

"अण्णा, आता नांदेड?" बजरंगनं चावी फिरवत विचारलं.

"तुराट्या किती उरल्या?"

"निम्म्याला निम्म्या हायेत की."

"मंग गाडी त्या समोरच्या फाटकात घाल."

बजरंगनं गाडी घातली. उद्धव उतरला, फुगलेल्या प्लायच्या दारापाशी गेला आणि मूठ आवळून त्यानं ते असं ठोकलं की वरच्या गॅलरीतून पोरी खाली डोकावल्या.

"मालक हायेत का घरात?" तो ओरडला. "बाहेर या. तुमचं दार जाळून बघायचंय."