पहिलं बोट

"नवी वस्तू आधी सवाष्णीच्या हाताला लागायची. का, असं विचारायचं नसतं."

जन्मल्यावर माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. बाळाच्या कानात नाव सांगतात म्हणे. माझ्या कानात नियम सांगितला.

मी क्लिप बोलतेय. साधी, निळ्या प्लास्टिकची, कपडे वाळत घालायची. कमरीपेठेतल्या एका दुकानात डझनाच्या पाकिटात लोंबकळत होते. माझ्या बहिणी कुणाकुणाच्या गच्चीवर परकर-बनियन दातात धरून ऊन खात उभ्या राहिल्या. माझं नशीब थोर. निवेदितानं माझ्या एका जबड्यात लाल दिवा बसवला, दुसऱ्यात उजेड ओळखणारा डोळा, आणि मागून वायरची लांबलचक शेपूट काढली. माझ्या तोंडात बोट दिलं की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्यात रक्त भरतं, दिव्याचा उजेड किंचित अडतो आणि डोळ्याला ते कळतं. इतकंच माझं शिक्षण. पण तेवढ्यावर मला माणसांचं बरंच कळतं. माणसं तोंडानं काय वाट्टेल ते बोलतात. बोटाला अजून खोटं बोलायला कुणी शिकवलेलं नाही.

साल दोन हजार पाच. निवेदिता हुबळीच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून 'घरी बसली होती'. हे घरच्यांचे शब्द. बसलेली मी तिला क्वचितच पाहिली. हुबळीतल्याच उणकलच्या नव्या घराच्या गच्चीवर ती दिवसभर उभी असायची आणि विजेच्या फिटिंगचे पाइप वाकवून घुमट बांधायची. आतून मांडववाल्याचं पांढरं कापड. भोवती सहा स्पीकर. प्रोजेक्टरसमोर, घाटातल्या वळणावर लावतात तसला फुगीर आरसा, म्हणजे चित्र सगळ्या छतभर पसरतं. मधोमध एक खुर्ची.

खुर्चीत बसणाऱ्याचा ठोका माझ्याकडून कॉम्प्युटरकडे जायचा आणि त्या तालावर छतावर उणकलचं तळं हलायचं. आवाज एका स्पीकरमधून दुसऱ्यात सरकत डोक्याभोवती फेर धरायचे. सगळे इथलेच आवाज: पेढ्याच्या कढईत घासणारं उलथनं, कंडक्टरचं "रैट, रैट", नळाला पाणी आल्यावरची घागरींची धांदल. काळीज शांत असलं तर तळं निवांत. धडधडलं की लाटा आणि घागरी एकदम अंगावर.

"याचा उपयोग काय गं?" निवेदिताचे वडील विचारायचे. त्यांचं नाव दत्तात्रेय. शाळेत गणित शिकवायचे. ती त्यांना अण्णा म्हणते.

"अण्णा, मराठी मंडळाच्या कोजागिरीला तुम्ही दरवर्षी तेच नाट्यगीत म्हणता, त्याचा उपयोग काय?"

अण्णा चष्मा पुसायला लागले. घरात वाद मिटवायची ती पद्धत होती.

तर मी तयार झाले त्या सकाळी निवेदिता मला आत्याच्या बोटाला लावायला निघाली, आणि अण्णांनी तो वर लिहिलेला नियम सांगितला. "तुझी आई बेळगावहून येऊ दे. आधी तिच्या बोटाला लाव."

"का?"

"विचारायचं नसतं म्हणून सांगितलं की आत्ताच."

निवेदितानं पुढे विचारलं नाही. अण्णांनी स्कूटरला किक मारली. स्कूटरचा आवाज कोपऱ्यापलीकडे गेला आणि मी अंबूताईंच्या बोटावर होते.

अंबूताई म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून भावाकडे. घरातलं सगळं काम त्या करायच्या आणि घरातले सगळे कौतुकानं म्हणायचे, "अक्काला मेलं स्वस्थ बसवतच नाही." माझ्यामुळे पहिल्यांदा त्यांना बसवलं. मी बोटावर असताना हात हलवायचा नाही, हलला तर स्क्रीनवरच्या रेघा वेड्यावाकड्या होतात. निवेदिताला रोज दुपारी तासन्‌तास ठोका हवा असायचा. अंबूताई खुर्चीत, वर तळं, आणि खालून अण्णांची हाक.

"अक्का, चहा झाला काय?"

"दत्तू, हात अडकलाय रे."

"अजून किती वेळ?"

"ते तुझ्या लेकीला विचार बाबा. मला काय त्यातलं कळतंय?"

हे म्हणताना शाळा बुडवलेल्या पोरीसारखी त्यांची नाडी कशी हुंदडायची, ते मीच जाणे. फक्त नळाला पाणी आलं की खेळ संपला. आठवड्यातून एकदा येणारं पाणी ते! ठोका असा सुटायचा की छतावर तळ्याला पूर यायचा, आणि अंबूताई मला टेबलावर टाकून जिन्याकडे पळायच्या. "अय्यो, घागरी!"

सगळा घुमट असा त्यांच्या ठोक्यावर बेतला गेला. कुठली लाट कधी उठायची, कुठला आवाज कुठून कुठे जायचा, सगळं त्या एका बोटावरून ठरलं. निवेदितानं त्यांच्या एका निवांत दुपारचा ठोका कॉम्प्युटरमध्ये साठवूनही ठेवला.

आता अप्पाजी. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, जुने वकील, अण्णांचे सख्खे काका. मंडळाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता. दरवर्षीची भाषणं, दरवर्षीचा मसालेभात, आणि पन्नासाव्या वर्षी काहीतरी 'तरुण पिढीचं' हवं म्हणून ते गच्चीवर आले. तरुण पिढी त्यांना एरवी सतरंज्या घालायला लागते.

निवेदितानं त्यांना खुर्चीत बसवून साठवलेला ठोका लावला. तळं हललं. अप्पाजींनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले तेव्हा ओले होते.

"दत्तू," ते म्हणाले, "हा अनाहत नाद आहे रे. कुणाचं काळीज हे?"

"घरातलंच," निवेदिता म्हणाली.

"वाटलंच मला! शेवटी रक्त कुणाचं?" आणि त्यांनी स्वतःच्याच छातीवर हात ठेवला. हॉल मंजूर झाला, प्रोजेक्टर मंजूर झाला. आमंत्रणपत्रिकेवर 'घराण्याचा नाद' असं छापायचं त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. ऐकताना अश्रू घराण्याचे, मसालेभात मंडळाचा, पाइप वाकवून हाताला फोड आले ते तेवढे निवेदिताचे.

"उद्घाटनाला आत्या बसेल खुर्चीत," निवेदिता म्हणाली. "ठोका तिचाच आहे."

अप्पाजींनी रुमाल खिशात घातला.

"अंबू आम्हाला लेकीसारखी आहे," ते म्हणाले. असं वाक्य 'पण'शिवाय संपत नाही, म्हणून मी वाट पाहिली. "पण शुभकार्य आहे, बाळ. पहिला हात सवाष्णीचा. आमची सून कमल बसेल. अंबूला नंतर बसव की, निवांत. कोण नको म्हणतंय?"

"आत्ता तर डोळ्यांत पाणी आलं तुमच्या."

"आवाज वेगळा, हात वेगळा."

निवेदिता तोंड उघडणार तोच अण्णा म्हणाले, "हॉल त्यांचा आहे, बाळ." आणि ती गप्प बसली. मला तिचा भयंकर राग आला. एवढी फटाकडी पोरगी, आणि एका हॉलसाठी वात ओली! पण दुसरा हॉल कोण देणार होतं? गच्चीवर चार माणसंसुद्धा धड मावत नव्हती.

जाताना अप्पाजी अण्णांच्या कानात काही पुटपुटले. दुसऱ्या दिवशी निवेदिता बाजारात गेलेली पाहून अण्णांनी सगळ्या यंत्रांवर गोमूत्र शिंपडलं. गणिताचे मास्तर, यंत्राचा प्लग काढावा एवढं सुचलं नाही. एक स्पीकर फट्‌ करून गेला. शुद्ध होऊन गेला, असं म्हणूया. उरले पाच.

त्या संध्याकाळी निवेदितानं मला पुन्हा अंबूताईंच्या बोटाला लावलं.

"आत्या, खरं सांग. उद्घाटनाला तुला बसायचंय?"

"नको गं बाई. मला कशाला? कमल बसू दे, छान दिसती ती."

तोंडानं एवढं बोलल्या. पण माझ्या जबड्यात ते बोट उसळत होतं आणि स्क्रीनवर रेघा टाचा उंचावून उड्या मारत होत्या. वर तळ्याला लाटा आल्या. अंबूताईंनी वर पाहिलं आणि ओशाळून दुसऱ्या हातानं मला झाकलं, जणू त्यानं पाणी थांबणार होतं. निवेदिता बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

हल्ली माझी स्प्रिंग सैल झालीय आणि लाल दिवा मिणमिणतो. निवेदिताच्या टेबलाच्या खणात सेलोटेपशेजारी पडून असते. विझायच्या आत मला कुणाची दया नको, पूजा तर नकोच. कुंकू लावाल तर डोळा बुजेल. उद्घाटनाचं तेवढं ऐकून घ्या.

सुवर्णमहोत्सव दणक्यात व्हावा म्हणून मंडळानं आदल्या दिवशी 'सामूहिक मेंदी' ठेवली होती. सगळ्या सवाष्णींनी यायचं, असा अप्पाजींचा आग्रह. सगळ्या आल्या. बोटांची पेरं काळीभोर होईपर्यंत मेंदी चढली, वरून गर्द नेलपॉलिश.

आणि दुसऱ्या दिवशी, भाषणं संपल्यावर, हॉलमध्ये मोठा करून उभारलेल्या घुमटात थोर मंडळी शिरली, बाकीचे बाहेर थांबले, आणि कमलकाकूंचं बोट माझ्या तोंडात आलं.

मला काहीच दिसेना. मी डोळा फाडफाडून पाहिलं. काकूंना काळीज नव्हतं असं नाही, बिचारीला एवढ्या लोकांसमोर बसवलं होतं, चांगलं धडधडत असणार. पण मेंदी आणि पॉलिशच्या भिंतीपलीकडे माझा इवलासा दिवा पोचेचना. छत काळंच राहिलं. मी बंड केलं असं कुणी समजू नका. बंड करण्याइतकी अक्कल कपड्याच्या क्लिपला कुठली!

निवेदितानं दुसरं बोट घेतलं. तिसरं. अंगठा.

"काय झालं?" अंधारातून अप्पाजींचा आवाज.

"मेंदी आहे. उजेड आरपार जात नाही."

"मग दुसरी सवाष्ण बसवा!"

दुसरी आली, तिसरी आली. माझ्यासमोर हात नुसते नाचत होते, एकाहून एक रंगलेले. पायांचं विचारावं तर तिथंही मेंदी. कुणीतरी हसलं.

"मामंजी, तुम्हीच म्हणालात ना, कंजूषपणा नको, कोपरापर्यंत काढा," कमलकाकू म्हणाल्या. "मी उठते बाई. घाम फुटलाय मला." आणि त्या खरंच उठल्या. खुर्ची रिकामी राहिली.

अप्पाजी निवेदिताच्या जवळ आले. आवाज खाली आणून, अगदी गोड बोलले. "तो साठवलेला ठोका आहे ना? तोच लाव. कमल नुसती क्लिप धरून बसेल. लोकांना काय कळतंय?"

"नाही."

"बरं, मग तूच बस. कुमारिका चालते."

"मला चालत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आत्याचं काळीज चोरून लावलं तर चालतं, आत्या चालत नाही. हे मी करणार नाही, अप्पाजी."

"अगं, हळू बोल. बाहेर लोक आहेत."

"बाहेर आत्यापण आहे. व्हरांड्यात तुमच्या सगळ्यांच्या चपला राखत बसलीये. ती आत येऊन या खुर्चीत बसली तर छतावर उजेड पडेल. नाहीतर सुवर्णमहोत्सव अंधारात करा."

"दत्तू, सांग की तुझ्या पोरीला! मोठ्यांशी असं बोलतात?"

अण्णांनी चष्मा काढला, आणि पुसायचं विसरून तसाच हातात धरला. "अक्काला मी बोलावतो," ते म्हणाले, आणि बाहेर गेले.

अंबूताई आल्या तेव्हा इरकल लुगड्याचा पदर त्यांनी दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. दारातच थबकल्या. "निवेदिता, कशाला गं हे? राहू दे की."

"बस, आत्या."

त्या बसल्या. बोट पुढे केलं. गारठलेलं, कोरं बोट. मी धरलं.

पाची स्पीकरांतून ठोका पडला. छतावर पाणी उसळलं आणि त्याच्या उजेडात समोरची सगळी थोर मंडळी दिसायला लागली, धोतरं, उपरणी, टोप्या. अप्पाजींनी काही बोलायला तोंड उघडलं. ठोका पडला. त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा ठोका पडला, आधीपेक्षा मोठा, त्यांच्या मागून, मग पुढून. मंडळाच्या सेक्रेटरींनी अप्पाजींकडे पाहिलं, अप्पाजींनी अण्णांकडे, अण्णा वर पाहत होते.