आधी माझ्या बॉनेटवर हात ठेवा

मी बोलतेय ती या आवारातल्या दुसऱ्या रांगेतून, डावीकडून तिसरी. राखाडी रंगाची, चार दारांची, मागे ऐसपैस डिकी असलेली. फार मोठी नाही, फार छोटीही नाही. माझ्या काचेवर एक पाटी चिकटवली आहे: "एकहाती वापर. उत्तम स्थिती." पाटीवरचे दोन्ही शब्दप्रयोग खोटे आहेत. पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी हॉर्नपलीकडे मला वाचा नाही.

थकले आहे मी. नऊ वर्षांच्या गाडीनं थकावं यात नवल नाही, पण माझा थकवा रस्त्याचा नाही. रस्त्यानं मला कधी फसवलं नाही. हा थकवा रोज सकाळी पुसून, चकाकवून, तरुण म्हणून उभं राहण्याचा आहे.

माझा पहिला मालक औषधाच्या कंपनीचा फिरता विक्रेता होता. त्यानं मला कोरी घेतली तेव्हा सीटवरचं प्लॅस्टिक महिनाभर काढलं नव्हतं. घाम आला तरी बसायचा त्याच्यावरच. आठवड्यातले सहा दिवस आम्ही हमरस्त्यावर. दवाखान्याच्या दारात गाडी उभी करून तो माझ्या आरशात बघत डॉक्टरांपुढे काय बोलायचं याची तालीम करायचा. "डॉक्टरसाहेब, दोनच मिनिटं घेतो," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की डॉक्टरांनी मला विचारलं असतं तर मीच ते औषध खपवलं असतं.

सहा वर्षांत एक लाख चाळीस हजार किलोमीटर झाले. आकडा मोठा वाटतो, पण माणूस जपणारा होता. ऑइल वेळेवर, हवा वेळेवर. त्याचा एक ठरलेला मिस्त्री होता. बोलायला तिरसट, हातानं मऊ. एक लाख बारा हजारांवर त्यानं माझा टायमिंग बेल्ट बदलला. हा पट्टा इंजिनच्या आत असतो. तो तुटला तर इंजिनाचं वाटोळं होतं, आणि बाहेरून बघून तो कधी बदललाय हे कुणालाही कळत नाही. म्हणून त्या मिस्त्रीची एक रीत होती. पट्ट्यावरचं झाकण परत बसवण्याआधी तो झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं आकडा आणि तारीख लिहायचा.

माझा मालक हसला होता. म्हणाला, "इथं कोण वाचणार आहे?"

मिस्त्री म्हणाला, "पुढचा जो उघडेल तो. मी त्याला ओळखत नाही, पण तो माझ्यावर विश्वास ठेवून उघडेल ना."

ते शब्द मी जपून ठेवलेत. लोखंडालाही काही गोष्टी भिडतात.

मग मालकाला बढती मिळाली, कंपनीनं नवी गाडी दिली आणि मी त्याच्या मेव्हण्याकडे गेले. मेव्हणा वाईट नव्हता, नुसता बेफिकीर. गाडी म्हणजे पेट्रोल टाकलं की चालणारी वस्तू, एवढंच त्याचं शास्त्र. लाल दिवा लागला की तो त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा, डोळ्यांसमोर नको म्हणून. एका उन्हाळ्यात लांब चढावर माझ्यातलं पाणी संपलं. काटा वर गेला, वाफ निघाली, मी जीव तोडून सांगत होते. तो म्हणाला, "एवढा चढ संपू दे." चढ संपला, आणि माझ्यातलंही काहीतरी संपलं. त्या दिवसापासून मी ऑइल पिते. गार असताना चालू केली की पोटात खडखड वाजतं आणि मागून निळा धूर निघतो. दहा मिनिटांनी गरम झाले, की मी पुन्हा शहाण्यासारखी वागते.

तिथून मी इथं आले. या आवाराच्या मालकाला सगळे 'भाऊ' म्हणतात. खरेदीला आलेल्यांचाही तो पहिल्या पाच मिनिटांत भाऊ होतो. मी आले त्याच आठवड्यात एक माणूस छोटी पेटी घेऊन आला, स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि माझे एक लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर अठ्ठावन्न हजार झाले. आयुष्याचे दोन तृतीयांश अर्ध्या तासात पुसले गेले. ते सगळे दवाखाने, ते "दोनच मिनिटं घेतो", काहीच झालं नव्हतं जणू. मग भाऊनं पॉलिश केलं, सीटला कव्हरं घातली, झिजून गुळगुळीत झालेली पेडलची रबरं काढून कोरी बसवली. जे डोळ्यांना दिसतं ते सगळं त्यानं केलं. डिकीतली स्टेपनी मात्र त्यानं चार महिन्यांत एकदाही उचलली नाही.

आणि रोजचा नेम. कुणी बघायला येणार असेल, की भाऊ पंधरा मिनिटं आधी मला चालू करून ठेवतो. गिऱ्हाईक आलं की मी गरम. एका हाकेला चालू, ना धूर ना खडखड. लोक म्हणतात, "वा, काय गुळगुळीत आहे." मला लाज वाटते. खोटं बोलायला मला तोंड नाही, पण माझ्याकडून ते बोलवून घेतात.

लोक गाडी कशी बघतात हेही या चार महिन्यांत बघितलं. निम्मे लोक टायरला लाथ मारतात. का मारतात कुणास ठाऊक, टायर काही कबुली देत नाही. काही जण गाण्यांची पेटी लावून बघतात. बायका दार उघडून वास घेतात, आणि खरं सांगायचं तर त्याच जास्त जवळ पोचतात. एक गृहस्थ तर बॉनेट उघडून दोन मिनिटं गंभीर चेहऱ्यानं आत बघत राहिले आणि "हं" म्हणून बंद केलं.

गेल्या आठवड्यात एक नर्स आली, आणि तिच्याबरोबर तिचा मामा.

नर्स तरुण होती. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर घरोघरी जाऊन बाळंतिणी आणि आजारी माणसं बघायचं काम तिला मिळालं होतं. अट एकच, हाताशी चारचाकी हवी, आणि सोमवारी हजर व्हायचं. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. हे सगळं तिनं भाऊला दारातच सांगून टाकलं. मामानं कपाळाला हात लावला. दुकानात शिरताना आपली घाई दाखवू नये, एवढंसुद्धा या पोरीला कळत नाही, असं तो पुटपुटला.

मामा तीस वर्षं एसटीसारख्या मोठ्या गाड्या हाकून निवृत्त झालेला. त्याची स्वतःची जुनी छोटी गाडी फाटकाबाहेर उभी होती. एक दार निळं, बाकी पांढरी.

भाऊ माझी स्तुती करत असतानाच मामा पुढे आला, आणि त्यानं टायरला लाथ मारली नाही, दार उघडलं नाही. माझ्या बॉनेटवर पंजा ठेवला. आजारी मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"ही गरम कशी?" त्यानं विचारलं.

भाऊ म्हणाला, जागा करायला जरा पुढं-मागं केली होती.

"बरं. मग गार होऊ दे. आम्ही बसतो."

भाऊ हसला, म्हणाला, अहो मामा, दोन तास लागतील. मामा म्हणाला की तीस वर्षं मी प्रवाशांची वाट बघितली, दोन तास गाडीची बघतो. आणि खरंच बाकावर बसला. भाचीची चुळबूळ चालली होती. गाडी सुंदर आहे, कमी चालली आहे, उगाच कशाला संशय, असं तिचं म्हणणं. मामा ऐकून घेत होता. मग गप्प बसवेना म्हणून उठला आणि माझ्याभोवती फिरू लागला.

दारांमधल्या फटींवरून बोट फिरवलं, सगळीकडे सारख्या आहेत का बघायला. त्या सारख्या होत्या. मी कधी कुणाला धडकलेले नाही. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून बघितले, पुराच्या पाण्याचा चिखल आत राहिलाय का म्हणून. नव्हता. मला बरं वाटलं. माझ्यात चांगलं काय आहे तेही कुणीतरी शोधत होतं. मग तो खाली वाकला आणि पेडलांकडे बघत राहिला.

"भाऊ, किती चालली म्हणालात?"

"अठ्ठावन्न हजार. मीटरवर आहे की."

"अठ्ठावन्न हजारांत रबरं बदलावी लागत नाहीत हो. आणि कोरी तर मुळीच नसतात." मामा उठून उभा राहिला. "थोडी झिजलेली बसवली असतीत तर एखादवेळी मी फसलो असतो."

भाऊनं त्यावर काय उत्तर दिलं ते सांगण्यासारखं नाही. मामानं खिशातून पेचकस काढला आणि बॉनेट उघडायला सांगितलं. भाऊ म्हणाला, आत सगळं ठीक आहे, कशाला उगाच खोलायचं.

"म्हणजे झाकलं बॉनेट सव्वा लाखाचं, असंच ना?" मामा म्हणाला. भाचीला हसू आलं, मग तिनं ते गिळलं.

टायमिंग बेल्टवरच्या झाकणाच्या तीन क्लिपा निघाल्या. झाकण उलटं झालं. आणि मिस्त्रीचा पांढरा आकडा चार वर्षांनी पहिल्यांदा उजेडात आला. मामानं मोठ्यानं वाचला, एक लाख बारा हजार, खाली तारीख. मग झाकण भाचीच्या हातात दिलं. तिनं ते दोनदा वाचलं, मीटरकडे बघितलं आणि पुन्हा वाचलं.

भाऊ म्हणाला की झाकण दुसऱ्या एखाद्या गाडीचं असेल.

"असेल," मामा म्हणाला. "आता चालू करा."

मी गार झाले होते. चार महिन्यांत पहिल्यांदा मला कुणी जशी आहे तशी हाक मारत होतं. चावी फिरली. दोनदा नुसती कण्हले, तिसऱ्यांदा चालू झाले, पोटात खडखड झाली आणि मागून निळा धूर लोटला. लाज वाटायला हवी होती. उलट हलकं वाटलं.

"सकाळचा गारवा आहे ना," भाऊ म्हणाला.

"बारा वाजलेत, भाऊ."

भाचीचा चेहरा उतरला होता. आता सोमवारी काय, हे तिनं विचारलं नाही, पण तिच्या हातातल्या पिशवीचा बंद ती पिळत होती. मामा तिच्याजवळ गेला आणि आवाज खाली आणून बोलला. "बाई, ही गाडी वाईट नाही. गावातल्या गावात, सपाट रस्त्यावर, कुणी हळू हाकणारा असेल तर अजून दोन वर्षं ओढेल. पण घाटात ऑइल पिणारं इंजिन भरवशाचं नाही. मागच्या सीटवर बाळंतीण असेल आणि ही थांबली तर तू काय करशील?"

तिनं फाटकाबाहेर बघितलं. मग म्हणाली, "तुमची खटारा गाडी द्याल का महिनाभर?"

"काल म्हणालीस, पेशंटच्या दारात ती उभी करायची लाज वाटते."

"काल मी गाडी बाहेरून बघत होते, मामा."

मामानं चावी काढून दिली. म्हणाला, दार एक निळं आहे, पण सकाळी पहिल्या हाकेला ओ देते. घाईनं घ्यायची नाही, महिनाभरात दुसरी शोधू.

जाण्याआधी त्यानं एक गोष्ट केली. भाऊ फोनवर बोलत पाठ करून उभा होता. मामानं डिकी उघडली, स्टेपनी उचलली, खालचा पत्रा गंजलाय का बघितला. मग भाचीकडे हात पुढे केला. तिच्याकडे मलमपट्टीवर तारीख घालायचं जाड काळं पेन होतं. ते घेऊन तो पुटपुटत स्टेपनीखालच्या पत्र्यावर लिहू लागला: "मीटर मागे नेलाय. बेल्ट एक लाख बारा हजारांवर बदलला, आता पुन्हा बदला. गार असताना चालू करून बघा. घाटासाठी नको. — एक ड्रायव्हर." स्टेपनी जागेवर ठेवली. जाताना भाऊला एवढंच म्हणाला, "खरं सांगून विका हो. हिलाही गिऱ्हाईक मिळेल."

भाऊनं त्याच संध्याकाळी पेट्रोलमध्ये फडकं बुडवून झाकणाच्या आतला आकडा घासून काढला. मिस्त्रीचं अक्षर गेलं. मला दुखायला नको होतं, कारण रंगच तो. तरी दुखलं.

उद्या कुणीतरी येणार आहे, असं भाऊ फोनवर म्हणत होता. म्हणजे सकाळी पुन्हा मला गरम करतील. तुम्हीच असाल येणारे, तर एवढं करा. लाथ मारू नका. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर बाकावर बसा, मी कुठं जात नाही. आणि डिकीतली स्टेपनी उचला. सगळं वाचूनही मी हवी असेन, तर मला हळू हाका, सपाट रस्त्यानं. दुकानापर्यंत, शाळेपर्यंत, जवळच्या दवाखान्यापर्यंत. तेवढं मी अजून करीन.

नको असेन, तर पेन बरोबर असू द्या. खाली अजून जागा आहे.