साहेब येणार म्हणून

मावशी स्टुलावर चढून भिंत घासत होत्या आणि खाली स्टूल धरून उभी असलेली शिंपीण त्यांना परोपरीने अडवत होती.

"मावशी, पुसता कशाला? ही बुरशीच तर बघायला येताहेत ते."

"म्हणून काय परक्या माणसाला घाणेरडं घर दाखवू?" मावशींनी ब्रश पुन्हा बादलीत बुडवला.

शिंपीण खालच्या मजल्यावर राहायची. तिने आठवडाभर मुद्दाम घर झाडलं नव्हतं. वरून गळत होतं तिथली बादलीही काढून घेतली होती, म्हणजे जमिनीवर तळं साचलेलं साहेबांना दिसावं. ते पाहून मावशींना कसंतरीच झालं होतं. त्यांचा सगळा जन्म इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेला. रक्ताचे, औषधांचे, कसले कसले डाग त्यांच्या हातून गेले. त्यांनी धुतलेल्या चादरीवर डोळे मिटून झोपावं, असं मोठ्या नर्सबाई निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. आयुष्यभराची कमाई म्हणावी तर तेवढीच, आणि ती शिंपिणीच्या सांगण्यावरून त्या कशा घालवणार होत्या?

ही घरं सरकारने बांधलेली. आधी भाड्याने दिली, मग हप्ते बांधून राहणाऱ्यांनाच विकली. मावशींचे यजमान शहर बसचे ड्रायव्हर होते, आख्खी इमारत त्यांना काका म्हणायची. घर नावावर झालं त्या दिवशी काकांनी दारावर स्वतःच्या हाताने पाटी ठोकली. पुढे गच्ची गळायला लागली आणि मालक होणं म्हणजे काय ते कळलं. घर तुमचं म्हणजे गळतीही तुमची, असं कचेरीतून सांगण्यात आलं. गच्ची नव्याने करणं इमारतीतल्या कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं. वर्षानुवर्षं या टेबलावरून त्या टेबलावर टोलवाटोलवी झाल्यावर अखेर सरकारला पाझर फुटला. जी घरं राहण्याजोगी उरली नसतील, त्यांतल्या माणसांना दुसरीकडे कोरडी घरं मिळणार होती. कोणाचं घर तसं आहे, ते साहेब स्वतः बघून ठरवणार होते.

काकांच्या छातीत ओल भरली होती. औषधाने आता भागायचं नाही, यांना कोरड्या जागी न्या, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मावशींचा जीव त्या कोरड्या घराकडे लागला होता.

भिंत घासून झाली तशी मावशींनी माळ्यावरचा उरलेला रंग काढून तिच्यावर त्याचा एक हात दिला. काकांना इस्त्रीचा शर्ट दिला, खुर्चीत बसवलं आणि बजावलं, "साहेब असेपर्यंत खोकू नका हं. बरं दिसत नाही." काकांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली आणि खोकल्याचं औषध दुप्पट घेतलं.

साहेब दुपारी आले. वयाने लहान, बोलायला गोड. खोलीभर नजर फिरवून, फोटो काढून ते म्हणाले, "किती छान ठेवलंय घर. आज सकाळपासून असं एकही बघितलं नाही."

मावशींना आभाळ ठेंगणं झालं. नव्या घराच्या किल्ल्या कधी मिळतील, असं त्यांनी लगोलग विचारून टाकलं.

साहेब गोंधळले. "नवं घर कशाला? हे राहण्याजोगं आहे. मी तसंच लिहिलंय."

"ओल आहे हो साहेब. मी पुसली. रंग आजच दिलाय."

साहेबांनी भिंतीला बोट लावलं. बोटाला रंग आला. माणूस वाईट नव्हता, थोडा वेळ त्या बोटाकडेच बघत राहिला. मग म्हणाला, रंगाखालचं आपल्याला लिहिता येत नाही, वरचे लोक फोटो मागतात. पुन्हा कधी याल, असं मावशींनी विचारलं. पुन्हा फेरी नाही, एकदाच मंजूर झाली आहे, असं तो म्हणाला.

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. त्या काकांकडे वळल्या.

"अहो, खोका ना."

काका खुर्चीत आणखी ताठ बसले.

"खोका की हो. रोज रात्रभर खोकता ना?"

काकांनी प्रयत्न केला. घशातून बारीक, खोटा आवाज निघाला, शाळा बुडवायला पोरं काढतात तसला. साहेबांनी मान खाली घातली. मावशी मेल्याहून मेल्यासारख्या झाल्या.

"असू द्या, मावशी," म्हणत साहेब खाली गेले. शिंपिणीकडे ते बराच वेळ होते. ते गेल्यावर ती धावत वर आली, पण मावशींचा चेहरा बघून तिची बातमी तोंडातच राहिली. ती स्टूल उचलून जागेवर ठेवून गेली.

दिवेलागणीला औषधाचा असर उतरला आणि काकांना उबळ आली. ते वाकून वाकून खोकत राहिले, मावशी पाठ चोळत राहिल्या. श्वास थाऱ्यावर आल्यावर काकांनी विचारलं, "तू म्हणालीस तसा नीट बसलो होतो ना मी?"

"अगदी नीट," मावशी म्हणाल्या.

काकांच्या डोक्यामागे भिंतीवर, ताज्या रंगातून डाग पुन्हा वर आला होता, आधी होता तसाच. मावशींनी सवयीने फडकं उचललं. मग ते घडी करून मांडीवर ठेवलं आणि त्या डागाकडे बघत बसल्या.