वीतभर जास्त

"सही कर आणि मोकळी हो. यंत्र बघायला पाहुणे फाटकात आलेत." मोठ्या साहेबांनी कागद पुढे सरकवला.

तारवाल्या मावशीने वाचलं : वारा मोजणाऱ्या रडारच्या सर्व तारा समान लांबीच्या. तिची कानशिलं तापली.

"सातव्या ओळीतल्या तारा वीतभर लांब आहेत, साहेब. घाईघाईत बाजारातनं तयार तारा आणून तुम्हीच जोडायला लावल्यात. तेव्हाही बोलले होते मी."

"वीतभर! त्यानं आभाळाला काय फरक पडतो?"

पडतो. बाहेर मैदानात बारा ओळींनी खांब उभे होते. त्यांतून निघालेल्या लहरींनी एका दमात वर जायचं, वाऱ्याला शिवून परत यायचं. तार लांब पडून एक ओळ मागे रेंगाळली की झोत कलतो आणि रडार खोटा वारा सांगतं. बाकीच्या अकरा ओळींची तार न् तार मावशीने स्वतः मोजून कापली होती. लेकीच्या केसांची टोकं सारखी करावीत तशी. चार वर्षं. बोटांची सालं गेली, माप गेलं नाही.

दारातून फुगेवाले काका डोकावले. रोज आकाशात फुगा सोडून ते दुर्बिणीने त्याचा माग काढत. "माझा फुगा वर गेला तो सुसाट पळाला. तुमचं यंत्र म्हणतंय, झुळूक आहे!"

"फुगा गळका असेल."

"मी गळका असेन, साहेब. फुगा नाही."

मावशी हसली नाही. "हे यंत्र धावपट्टीवर जाणार. उतरणारं विमान याच्या शब्दावर विसंबणार. त्यात माणसं असतात."

"पुढच्या महिन्यात करू की दुरुस्त! आज माझं नाक कापू नकोस."

"नाक तुमचं आहे. सही माझी आहे."

"तुला काय कळतं गं यातलं? तारा कापणारी तू!"

"हो," ती म्हणाली. "तेच करते."

तिने सही न केलेला कागद टेबलावर ठेवला, खुंटीवरची पक्कड काढली आणि जाता जाता मुख्य बटण खाली ओढलं. पडद्यावरच्या हिरव्या रेघा विझल्या. साहेब ओरडत मागे धावले.

सातव्या ओळीपाशी ती गुडघ्यांवर बसली. मोजपट्टी लावली, कापलं. पुढची तार. पुन्हा मोजलं, कापलं. वारा पदर ओढत होता, पण माप ढळत नव्हतं.

पाहुण्यांचे चकचकीत बूट मैदानाच्या कडेला थबकले. साहेबांचे बूट मात्र तिच्या अगदी समोर येऊन थांबले. तिने मान वर केली नाही.

"पाय सरकवा, साहेब. तार दबतेय."