नायिकेची निवड

पेणच्या खाडीकाठी एका गावात जत्रेचं नाटक जवळ आलं की दर वर्षी एकच घोळ: नायिका कोण? पूर्वी हा प्रश्नच नव्हता. पोपटकाका मिशा उतरवून लुगडं नेसले की रोह्यापासूनची माणसं नाटकाला यायची. काय दिवस होते ते! अजूनही विषय निघाला की म्हाताऱ्यांचे डोळे पाणावतात.

यंदा निवडीसाठी देवळाच्या सभामंडपात पोपटकाकाच परीक्षक होते. नाटक मिठागरात राबणाऱ्या बाईचं. कंपनीतली शिफ्ट संपवून आलेला ऋत्विक डोक्यावर पाटी घेऊन असा काही लचकत चालला, की सगळे पोट धरून हसले.

तेवढ्यात काकांची सून मनाली पुढे आली. "बाबा, मी करून दाखवू? सगळी वाक्यं पाठ हायत."

"नाय! आपल्या घरातली बाई चारचौघांत रंग फासून उभी राहनार नाय."

मनालीचा चेहरा पडला. ती मागे फिरली, तर सासू हौसाबाई वाटेतच उभी.

"मंग तुमी कसं उभं राहिलात वो, वीस वर्सं?" हौसाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मी पुरुष हाय गो."

"व्हय. आनि बाईचं चालनं शिकलात कुनाकडून? मी मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालायची, तुमी मागून बघत यायचात. चालनं माझं, रडनं माझं, लुगडंसुदा माझंच! टाळ्या तेवढ्या तुमच्या. मला एकदा तरी इचारलंत, हौसा, तुला उभं राहायचंय का?"

काकांना बांधावरच्या त्या सकाळी आठवल्या, तिची ताठ मान आठवली, आणि घरी आरशासमोर आपण केलेली तिची नक्कलही. इतक्या वर्षांत हे आपल्या ध्यानातही येऊ नये! त्यांना मनापासून लाज वाटली.

"ऋत्विक, पाटी मनालीला दे," ते म्हणाले.

मनाली चालली. लचकणं नाही, मुरडणं नाही. ओझं घेतलेली बाई चालते तशी चालली, आणि नायिका ठरली.

मग काका चाचरत म्हणाले, "हौसा, यात सासूचं पन काम हाय. करशील?"

"पयली माझी परीक्षा घ्या. फुकटचं नको!" हौसाबाईंनी पदर खोचला.

वाचकहो, आपल्याही घरात कुणी अशी दाराआडून बघत असेल, तर तिला आजच विचारा. तिची जागा आपण फार वर्षं अडवून बसलो आहोत.