दहापैकी नऊ

श्रुतिकाचं काम ऐकणाऱ्याला सोपं वाटायचं. अंधेरीतल्या एका कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात ती संशोधन सहायक होती. माणसाचा आनंद ठरवून वाढवता येतो का, यावर विद्याधर सरांचा अभ्यास चालू होता. चारकोपमध्ये घरी बसून इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवणाऱ्या चाळीस बायका त्यात होत्या. प्रत्येकीने रोज तीन चांगल्या घडलेल्या गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायच्या आणि आज किती आनंदी वाटलं याचा शून्य ते दहामधला एक आकडा द्यायचा. असे सहा आठवडे. आकडे सर बघायचे, शब्द श्रुतिका वाचायची.

नावं गुप्त ठेवायची असल्यामुळे फोनमध्ये प्रत्येकीचा नंबर खुणेने साठवलेला होता. एम-सतरा म्हणजे मालन. बेचाळीस वर्षांची, मूळची कुडाळकडची, मूलबाळ नाही. महिला मंडळाच्या चंपाताई तिला घेऊन आल्या होत्या. संमतीपत्रावर सही करण्याआधी तिने पेन हातात धरून हळूच विचारलं होतं, "ह्यांका सांगूक होया काय?"

"नाही हो, मिस्टरांना सांगायची गरज नाही. हे फक्त तुमचं," श्रुतिका म्हणाली होती.

मालनचे मेसेज सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान यायचे. बाकीच्या बायका लिहायच्या, लेकीचा निकाल लागला, नळाला पाणी जास्त वेळ आलं, सासूने भाजी चांगली झाली म्हटलं. मालन लिहायची, 'आज घरात काय फुटाक नाय. ते जेवान गप झोपले. शेजारीण दारात इली नाय.' आकडा तीन. दुसऱ्या दिवशी, 'कोण वरडाक नाय.' आकडा चार.

पहिल्या आठवड्यात श्रुतिकाला ते गमतीशीर वाटलं. दुसऱ्या आठवड्यात तिने सगळे मेसेज ओळीने वाचले. या बाईच्या सगळ्या चांगल्या गोष्टी म्हणजे न घडलेल्या गोष्टी होत्या.

तिने सरांना दाखवलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "सुरुवातीला काहींना असंच सुचतं. सवयीने नजर बदलते. आपण मध्ये काही विचारायचं नाही, नाहीतर सगळा अभ्यास बिघडेल."

पण श्रुतिकाला राहवलं नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी परत 'काय फुटाक नाय' आलं, तेव्हा तिने उत्तर टाकलं, 'मालनताई, एरवी काय फुटतं? मला सांगाल का?'

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला तो संध्याकाळी साडेसातला. 'आज मी खूप आनंदी आहे. माझे पती माझी काळजी घेतात. आमचे घर सुखी आहे.' आकडा नऊ. पुढच्या दिवशी नऊ, त्याच्या पुढच्याही दिवशी नऊ. प्रत्येक वाक्याला पूर्णविराम, आणि मालवणीचा मागमूस नाही.

सोमवारच्या बैठकीत सरांनी आलेख पडद्यावर लावला. चाळीस रेषांमधली एक रेषा चौथ्या आठवड्यात जिन्यासारखी वर गेली होती. "एम-सतरा," सर खुशीत म्हणाले. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

श्रुतिकाच्या हातातला चहा तसाच राहिला. तिला त्या रेषेकडे बघवेना. त्याच दिवशी संध्याकाळी मेसेज आला, 'आजची चांगली गोष्ट. पतींनी मला फोन नीट वापरायला शिकवले.' आणि खाली, 'तुम्ही हे सगळे वाचता ना?'

हा प्रश्न मालनचा नव्हता. तिच्या नवऱ्याने सगळं वाचलं होतं. तीन आठवड्यांचे मेसेज, आणि त्यांच्याखाली श्रुतिकाने प्रेमाने विचारलेला तो प्रश्न. त्या प्रश्नाची किंमत चारकोपच्या त्या खोलीत कोणी कशी चुकती केली असेल, हे तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, तो कामावर गेला असेल असा हिशेब करून, तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बोला मॅडम." पुरुषाचा आवाज. मऊ, अदबीचा. "मी राजेश. मालनचा मिस्टर."

"नमस्कार. मालनताई आहेत का?"

"आहे ना, इथेच बसलीय. तुमच्यामुळे आमच्याकडे फार आनंद आहे हं. तुम्ही विचारलं होतं, काय फुटतं म्हणून. काही फुटत नाही, मॅडम. लिहून घ्या."

फोन ठेवल्यावर श्रुतिकाच्या लक्षात आलं, आपण खरंच पेन हातात घेतलं होतं.

ती सरळ सरांच्या केबिनमध्ये गेली. आपण प्रश्न विचारला होता, तेही सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आपण पोलीस नाही, श्रुतिका." आणि थोड्या वेळाने, "पण दार आपण उघडलंय." त्यांचाही चेहरा उतरला होता. त्यांनी स्वतः महिला हेल्पलाइनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडच्या समुपदेशक बाई शांतपणे म्हणाल्या, "परस्पर सोडवायला जाऊ नका. तिला काय हवंय ते तिलाच विचारा, पण नवऱ्यासमोर विचारू नका. ती निघताना पकडली गेली, तर ती वेळ सगळ्यात धोक्याची असते. पोलीस चौकीला मी कळवून ठेवते."

गुरुवारी श्रुतिका आणि चंपाताई चारकोपला गेल्या. निमित्त होतं एका फॉर्मचं. रिक्षातून उतरल्यावर श्रुतिकाने पिशवीतला फॉर्म पुन्हा एकदा चाचपून पाहिला. चंपाताई म्हणाल्या, "घाबरलीस? मी पण घाबरलेय. चल."

दार राजेशनेच उघडलं. नीट विंचरलेले केस, इस्त्रीचा शर्ट. "या, या. मी सोमवारपर्यंत रजाच टाकलीय. म्हटलं, बायकोला जरा वेळ द्यावा."

खोली लखलखीत होती. चहा स्टीलच्या पेल्यांतून आला. फडताळावर सगळी भांडी स्टीलची नाहीतर प्लास्टिकची. भिंतीवर आरशाच्या जागी नुसता खिळा. श्रुतिकाने एकदाच वर पाहिलं आणि नजर खाली घेतली.

मालन तिच्या समोर बसली. उजव्या बाजूने चंपाताई काही बोलल्या, तेव्हा तिने उत्तर दिलं नाही. मग मान वळवून डावा कान पुढे केला. महिन्यापूर्वी सही करताना दोन्ही कानांनी ऐकत होती ती.

"मॅडम विचारतायत, कशी आहेस," राजेश म्हणाला.

"बरी आहे," मालन म्हणाली.

श्रुतिकाने पिशवीतून जाडजूड फॉर्म काढला. रात्रभर तिने हेच मनात घोळवलं होतं. "सर, नियमाप्रमाणे पतीचाही एक फॉर्म असतो. ज्यांच्या घरी आनंद सगळ्यात जास्त वाढला, फक्त त्यांच्यासाठी. पन्नास प्रश्न आहेत. शांतपणे, एकट्याने भरायचा."

राजेश हसला. त्याला ते आवडलं, हे दिसत होतं. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. चंपाताई त्याच्या शेजारी जाऊन, मला पण वाचून दाखवा बरं, म्हणत पहिल्या प्रश्नापासून शंका काढू लागल्या.

श्रुतिकाने मालनसमोर शून्य ते दहाची शिडी छापलेला कागद ठेवला आणि मोठ्याने विचारलं, "मालनताई, या आठवड्यात तुम्ही कुठल्या पायरीवर होतात?"

"नऊ," मालन मोठ्याने म्हणाली. तिचं बोट मात्र शून्यावर होतं. तिथे ते इतकं दाबलेलं होतं की नखाखालचं रक्त उतरून नख पांढरं पडलं.

श्रुतिकाने हातातल्या फोनवर लिहिलेली ओळ तिच्यापुढे धरली. 'इथून निघायचंय का?' मालनने ती वाचली. डोळे मिटले, उघडले. मान एकदाच हलली.

"पुढची भेट कुठल्या दिवशी ठेवू?" श्रुतिकाने वारांचा तक्ता पुढे सरकवला.

"कधीपण चालात," मालन म्हणाली, आणि बोट मंगळवारवर ठेवलं. मग स्वतःच्या पोटाशी दोन्ही हातांची बोटं उघडून मिटली, आणि पुन्हा एकच बोट उघडलं. अकरा वाजता.

"कसली भेट?"

राजेश मागे उभा होता. तो कधी उठला, ते कोणालाच कळलं नाही. त्याने श्रुतिकाच्या हाताखालून शिडीचा कागद ओढला आणि उजेडाकडे धरून वाचला. श्रुतिकाला आपल्या मांडीवरच्या फोनचा उजेड दिसत होता. तिने तो ओढणीने, अगदी सावकाश झाकला.

"ही नऊ म्हणाली ना?" राजेशने विचारलं. "मग खूण का नाही केली?"

त्याने खिशातलं पेन काढलं, नऊवर ठळक गोल केला, आणि कागद श्रुतिकाला परत दिला. "आनंदाच्या कामात हलगर्जीपणा नको, मॅडम."

खाली रस्त्यावर आल्यावर चंपाताई कठड्यावर मटकन बसल्या.

मंगळवार उजाडेपर्यंत श्रुतिकाला घास गोड लागला नाही. रोज संध्याकाळी नऊचा आकडा येत होता, आणि ती त्याचीच वाट बघायची. आकडा आला म्हणजे मालन आहे, एवढाच त्याचा अर्थ उरला होता. सोमवारी तो आलाच नाही. घाटकोपरच्या घरी आईने दोनदा हाक मारली तरी ती फोन हातात घेऊन भिंतीकडे बघत बसली होती.

मंगळवारी पावणेअकरालाच तिघं गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसले होते. श्रुतिका, चंपाताई आणि चंपाताईंनी शोधून काढलेला, कांजूरमार्गहून आलेला मालनचा भाऊ सहदेव. चार वर्षांपूर्वी राजेशने त्याला दारातून हाकललं होतं. बहिणीलाच नातं नको आहे, असं तो इतके दिवस समजत होता. चौकीतला एक हवालदार साध्या कपड्यांत पानटपरीपाशी उभा होता.

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. सहदेव उतरायला निघाला, तसा चंपाताईंनी त्याचा दंड धरला. "नाय रे. थांब."

अकरा वीसला मालन दिसली. खडे लावलेल्या मालाची गोणी कमरेवर घेतलेली, रोज कारखान्यात पोचवायला निघते तशी. धावत नव्हती. वाटेत एका बाईने काहीतरी विचारलं, तर थांबून उत्तरही दिलं. रिक्षापाशी आली, गोणी खाली ठेवली आणि आत तिघांत दाटीवाटीने बसली. भावाकडे बघितलंही नाही. नुसता त्याचा हात धरला.

रिक्षा कांजूरमार्गच्या दिशेने मुख्य रस्त्याला लागली तोच श्रुतिकाचा फोन वाजला. पडद्यावर 'एम-सतरा'.

"तुमचा फोन कुठे आहे?" तिने विचारलं.

"घराक," मालन म्हणाली. "तो गेल्यावर निघालंय मी. म्हणजे तो परत इलो."

फोन वाजून थांबला. परत वाजला. पवई येईपर्यंत तो एकवीस वेळा वाजला. तिघांपैकी कोणी मागे वळून पाहिलं नाही. मालन प्रत्येक वेळी पाहत होती.

पुढचं सगळं सावकाश, कागदोपत्री झालं. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार, डॉक्टरांचा दाखला, उजव्या कानाचा पडदा फाटल्याची नोंद. विद्याधर सरांनी नैतिकता समितीला सगळं खरं लिहून कळवलं. अभ्यास थांबला, आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा प्रत्येक बाईला आधी एकटीला भेटायचं ठरलं. श्रुतिकाने विचारलेला प्रश्नही त्या अहवालात होता. तो तिनेच घालायला लावला.

राजेश दोनदा कॉलेजच्या फाटकाशी आला. ओरडला नाही, नुसता उभा राहिला. तेव्हापासून श्रुतिका घरी जायचे रस्ते बदलते. अनोळखी नंबर ती अजूनही उचलत नाही.

खटल्याच्या पहिल्या तारखेला बोरिवलीच्या कोर्टात ती साक्षीदार म्हणून गेली. बाकावर मालन आणि सहदेव आधीच बसले होते; ती त्यांच्या शेजारी टेकली. थोड्या वेळाने राजेश आला. तोच इस्त्रीचा शर्ट. त्याने श्रुतिकाला हसून हात जोडले आणि त्याच बाकाकडे, तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे चालू लागला.

मालन उठली. तिच्या बांगड्यांचा आवाज होत होता. तिने साडी सावरली आणि त्या मोकळ्या जागेवर येऊन बसली, त्याच्या आणि श्रुतिकाच्या मध्ये.

"मॅडम," ती समोर बघत म्हणाली, "माजो डावो कान तुमच्याकडे आसा. तुम्ही बोला."