मळ्यातली पहिली पंगत

रखमाजी जेवायला बसले की सगळ्या घराने उभं राहायचं, असा आष्टीजवळच्या त्या घराचा रिवाज होता. हाताशी ठेवलेला पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलून घेणं त्यांच्या खानदानीपणात बसत नसे. त्या दुपारी पानात मेथीची भाजी होती. सून वंदनाने सकाळीच मळ्यातून खुडून आणलेली, कोवळी लुसलुशीत. रखमाजींनी ती दोनदा मागून घेतली. मुलगा अंगद तर मागतही नव्हता, नुसतं ताट पुढे सरकवत होता. उरलीसुरली एका पाहुण्याने निपटली आणि वर तृप्तीचा ढेकर दिला.

मग चुलीपाशी सासू-सून बसल्या. द्वारकाबाईंनी भाकरीच्या तुकड्याने कढई पुसली, अर्धा तुकडा सुनेला दिला आणि तिखटावर तेल सोडलं. सातवा महिना चालू असलेल्या पोरीचं जेवण ते एवढंच.

"भाजी झकास झाल्ती," बाहेरून अंगदचा आवाज आला. "उद्या जरा जास्त आण."

मळा शाळेमागच्या पडीक जागेत होता. गावात ताजी भाजी यायची ती बाजाराच्या दिवशी, तीही सुकून गेलेली. बायांच्या अंगात रक्त नाही म्हणून अंगणवाडीच्या संध्याताईंनी त्यांनाच हाताशी धरून वाफे घालायला, खत कुजवायला, बी राखायला शिकवलं. मेथी, शेपू, अंबाडी, चवळी असं सगळं तिथे डोलू लागलं. रोज दुरड्या भरून भाजी घरोघर जाऊ लागली. घरातल्या पुरुषांच्या गालांवर तजेला आला. बाया होत्या तशाच पांढऱ्याफटक राहिल्या.

वंदनाचं पहिलं लेकरू आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. या खेपेलाही नर्सबाईंनी तिच्या डोळ्यांची पापणी ओढून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. रक्त वाढलं नाही तर याही लेकराचं खरं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"अगं, एवढी भाजी नेतेस. खातेस ना?" संध्याताईंनी विचारलं.

"करते की रोज."

"करतेस ते नाही विचारलं. खातेस का?"

"उरली तर खाते, ताई."

"आणि उरते का?"

वंदना वाफ्यातलं गवत उपटत राहिली. घराची अब्रू वेशीवर कशी टांगायची, हा विचार त्या गळाठलेल्या पोरीला अजून पडत होता. त्या घराला मात्र तिचा विचार पडला नव्हता.

मळ्याला वर्ष झालं म्हणून बायांनी गावजेवण ठरवलं. सकाळपासून चुली पेटल्या होत्या. भाषणाला अर्थातच रखमाजी. मळ्यातल्या मातीला त्यांचा अंगठाही कधी लागला नव्हता, पण हार गळ्यात पडताच त्यांना कंठ फुटला. "स्त्री ही घरची अन्नपूर्णा हाय!" ते गरजले आणि पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. अन्नपूर्णा जेवली का, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. उलट टाळ्या वाजवता वाजवताच सगळे धोतरं सावरत पहिल्या पंगतीला जाऊन बसले.

वंदना भाकरीची दुरडी घेऊन उभी होती. तिने पंगतीकडे पाहिलं, भाजीच्या पातेल्याकडे पाहिलं. पंगत उठल्यावर पातेल्यात काय राहील ते तिला रोजच्या सवयीने कळत होतं. पोटात लेकराने हालचाल केली. तिने दुरडी खाली ठेवली, एक पत्रावळ घेतली आणि पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसली.

"वंदने! काय करून राह्यली तू?" रखमाजी ओरडले.

ती सासऱ्यांशी कधी समोरून बोलली नव्हती. आज बोलली.

"जेवायला बसले, मामा."

"बाया मागून बसतेत. ऊठ!"

"मागून काहीच उरत न्हाई. पयलं लेकरू गेलं. हे मला जाऊ द्यायचं न्हाई."

अंगद लाजेने लालबुंद झाला. बायको उपाशी राहते याची त्याला लाज नव्हती, ती जेवायला बसली याची होती. "जल्दी ऊठ. लोक बघून राह्यले. घरी जाऊन पोटभर खाय की."

"घरी काय असतं? तुमी कवा कढईत बघितलं?"

अंगदने खरोखरच कधी पाहिलं नव्हतं, आणि न पाहणं हा काही गुन्हा आहे असं त्याला आजवर वाटलंही नव्हतं.

"ऐकलं का?" रखमाजींनी बायकोला हाक मारली. "उठव हिला! तूच डोक्यावर चढवून ठिवली."

द्वारकाबाई भाजीची बादली घेऊन आल्या. आता त्या सुनेचं बखोटं धरतील म्हणून सगळी पंगत बघत राहिली. त्यांनी वंदनाच्या पत्रावळीवर पळीभर भाजी वाढली. मग आणखी एक पळी वाढली.

"खाय, माय," त्या म्हणाल्या. "सावकाश खाय."

मग बादली त्यांनी अंगदच्या हातात दिली. "मला वाढ. आन् मंग त्या चुलीपाशी उभ्या हायेत ना, समद्यायला बसव आन् वाढ."

"आन् आमी?" रखमाजींनी हार सावरत विचारलं.

"तुमी मागून बसा."

पदर खोचून त्या सुनेशेजारी बसल्या. लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या आधी त्यांनी घास घेतला नव्हता. वाफाळत्या अंबाडीचा पहिला घास तोंडात गेला आणि त्यांची जीभ चांगलीच पोळली. गरम भाजी खायची त्यांना सवयच नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी घास टाकला नाही.

चुलीपाशी उभ्या असलेल्या बाया एकेक करून येऊन बसल्या. अंगद वाकून वाढत होता. निम्मी भाजी पत्रावळीबाहेर सांडत होती, पण वाढत होता. रखमाजी गळ्यातल्या हारासकट रिकाम्या पत्रावळीपुढे ताटकळत बसले. घटकाभर उपाशी राहून त्यांचं काहीही बिघडलं नाही.